आम्हांला आमचा ‘बॉर्डर’ नको



१ जानेवारीला भीमा कोरेगावच्या स्तंभाला सलामी देऊन कळंबला परत येत होतो. टेम्पोत चाळीस माणसं, त्यात निम्मी विशीतली पोरं. एक पोरगा मोबाईलवर युद्धाच्या पिच्चरमधलं भाषण लावून बसलेला. आपलाच एक धडाडीचा कार्यकर्ता मला म्हणाला, ‘दादा, पंजाब्यांवर पिच्चर झाला, राजपुतांवर झाला, मावळ्यांवर तर दरसाल एक येतोय. आपल्यावर कधी? आपला ‘बॉर्डर’ पायजे. पाचशे गडी, हातात बंदूक, पडद्यावर नुसता जाळ!’ सगळ्या टेम्पोनं टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत. मला विचारलं, काय झालं? गाण्याच्या आवाजात उत्तर देता आलं नाही. ते इथं देतो. कडू लागलं तर थुंका, पण आधी चावून बघा.

कळंबला या, तुम्हाला दाखवतो. पहाटे साडेचारला कालव्याच्या कडेनं वस्तीतली पोरं पळतात. पायात कुणाच्या बूट, कुणाच्या फाटकी स्लीपर, कुणी अनवाणी. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांच्या आत मारले की पुरे मार्क. मग बीम, मग नऊ फुटी खड्डा, मग छाती फुगवून दाखवायची. जमीन नाही, नोकरी नाही, डिग्रीचा कागद घडी घालून पत्र्याच्या पेटीत. राहिली ती भरती. शेजारच्या वालचंदनगरच्या कारखान्यात रॉकेटची आणि क्षेपणास्त्रांची कवचं होतात, आरमाराच्या जहाजांचे गिअर होतात. त्या लोखंडाची किती तपासणी! केसाएवढी चीर सापडली तर तुकडा बाद. आणि त्याच भोंग्याच्या आवाजात पळणाऱ्या या पोराच्या मनाला उद्या चीर पडली तर ती बघायला कोण आहे? त्याला तर असं काही पडतं हेच कुणी सांगितलेलं नाही. त्याला फौज माहीत आहे ती सिनेमातली.

म्हणून सिनेमाबद्दल बोलायचं. हा करमणुकीचा विषय नाही. आपल्या पोरांच्या पोटाचा आणि डोक्याचा विषय आहे.

मुंबईचा युद्धपट शिपायाच्या मनाबद्दल तीन थापा मारतो. सुटसुटीत सांगतो.

पहिली थाप ट्रेनिंगची. ‘लक्ष्य’ (२००४) आठवा. श्रीमंत घरचा ऐदी पोरगा मिलिटरी अकॅडमीत जातो, शिक्षा झाली की भिंतीवरून उडी मारून पळून येतो. प्रेयसी तोंड फिरवते. लाज वाटून परत जातो आणि त्याचा माणूस होतो. म्हंजे ट्रेनिंग ही लाडावलेल्या पोरांना सरळ करण्याची फॅक्टरी. ठीक आहे, ज्याला लाडावलेलं होतं त्याचं झालं. पण आमच्या पोराला लहानपणापासून रगडाच मिळालाय. ऊसतोडीत रगडा, शाळेत रगडा, पाटलाच्या बांधावर रगडा. त्याला उस्तादानं आणखी रगडलं तर नेमकं काय घडतं? आधीच वाकवलेल्या माणसाला आणखी वाकवलं की तो ताठ होतो, हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय? यावर एक रीळ नाही. पळून जायची चैनसुद्धा त्या सिनेमातल्या पोराला परवडते. आमचा पळाला तर घरी थोरली बहीण लग्नाची आणि सावकाराचं व्याज दारात.

दुसरी थाप भीतीची. ‘बॉर्डर’ (१९९७) मध्ये एक तरुण अधिकारी आहे. समोरच्या माणसावर गोळी घालायची वेळ येते आणि त्याचा हात अडतो. बरं वाटलं होतं बघताना, की चला, कुणीतरी खरं दाखवतोय. माणसाला माणूस मारणं जड जातं. पण पुढं काय? वरिष्ठ त्याला दरडावतो आणि भीती सर्दीसारखी बरी होते. त्याच पिच्चरमध्ये एक शिपाई घरी बायको कॅन्सरनं आजारी म्हणून सुट्टी मागतो. सुट्टी मिळाल्यावर त्याला आनंद होतो, तर त्या आनंदाचीच त्याला लाज वाटायला लावतात. तो सुट्टी सोडून लढायला उभा राहतो आणि मरतो. थिएटर टाळ्या वाजवतं. मला सांगा, आजारी बायकोकडं जावंसं वाटणं हा गुन्हा कधीपासून झाला? त्या बायकोचं पुढं काय झालं, पोरांना कुणी सांभाळलं, हे कुणी विचारलं का?

तिसरी थाप शेवटाची. युद्ध संपलं की सिनेमा संपतो. झेंडा, बिगुल, गाणं, थिएटरचे दिवे. शिपायाच्या खऱ्या लढाईला मात्र त्यानंतर सुरुवात होते. ती तो घरात लढतो, रात्री लढतो, एकटा लढतो. ती कुठंच नाही. चेतन आनंदचा ‘हकीकत’ १९६४ चा, ६२ च्या पराभवाची राख गरम असताना काढलेला. त्यात निदान थंडीनं काकडणारे, दारूगोळा संपलेले, मागून मदत न आलेले जवान दिसले. पराभव दाखवायची हिंमत होती. पुढं पुढं ती हिंमतही गेली. २०१९ चा ‘उरी’ बघा, जोश विचारणं हाच सिनेमा.

आता तात्यांचं सांगतो. तात्या म्हंजे माझे चुलते. ७१ च्या लढाईत पश्चिम सीमेवर होते. पलटणीचं नाव सांगत नाही, कारण दोष कुठल्या पलटणीवर ढकलायचा नाही. पेन्शन घेऊन आले, घर पत्र्याचं होतं ते स्लॅबचं केलं, आम्हा भावंडांना शिकवलं. फौजेनं आम्हाला दिलं ते मी नाकारत नाही. पण तात्या घरात झोपायचे नाहीत. लिंबाखाली खाट टाकून भिंतीकडं पाठ करून बसायचे. आमच्याकडं तोडणीआधी उसाचा फड पेटवतात. पाचट तडतडायला लागली की तात्या खाटेवरून खाली. पोटावर आडवे. आम्ही पोरं हसायचो. आजी आम्हाला हाणायची आणि मग स्वतः पदर तोंडात कोंबून रडायची.

१४ एप्रिलला तात्या मिरवणुकीत नसायचे. फटाक्यांचा बार निघाला की कालव्याच्या पलीकडं निघून जायचे ते रात्री अकराला परत. वस्तीतली माणसं म्हणायची, म्हातारा पेन्शनवाला झाला, आता त्याला बाबासाहेबांची गरज उरली नाही. हे मीसुद्धा म्हटलंय. पंधरा-सोळा वर्षांचा असताना तोंडावर म्हटलंय. तात्या काही बोलले नाहीत. त्यांच्या पेटीत बाबासाहेबांचा फोटो होता, त्याला दर पौर्णिमेला फूल असायचं. हे मला ते गेल्यावर पेटी उघडली तेव्हा कळलं, वाळलेली फुलं तशीच होती म्हणून.

१९९७ ला आम्ही त्यांना हट्टानं बारामतीला ‘बॉर्डर’ बघायला नेलं. म्हटलं, तात्या खूश होतील. त्यांचीच लढाई, त्यांचंच साल. मध्यंतराच्या आधीच ते उठून बाहेर गेले. मला वाटलं लघवीला. पिच्चर सुटल्यावर बघतो तर सायकलस्टँडच्या कट्ट्यावर बसलेले. म्हटलं, तात्या, काय झालं? म्हणाले, ‘आरं, त्यात वासच न्हाई.’ कसला वास? ‘माणसाचा.’ एवढंच. एसटीत कळंबपर्यंत गप्प.

पुढं कितीतरी वर्षांनी, दवाखान्यातून आणल्यावर, एका रात्री ते आपणहून बोलले. एक जोडीदार त्यांच्याजवळ पडला होता. पोटात गोळी. पोटाच्या जखमेला पाणी द्यायचं नसतं, तसा हुकूम होता. तो रात्रभर पाणी मागत राहिला. तात्यांच्या कमरेला भरलेली बाटली. दिली नाही. पहाटे तो गेला. तात्या म्हणाले, ‘आपल्याला पानी न देनारे मी जल्मभर बघितले. आमचा बा आडावर हात जोडून उभा ऱ्हायचा. त्या राती मीच पानी न देनारा झालो.’

साथींनो, आपण महाडच्या तळ्याचे वारसदार. १९२७ पासून आपल्या तोंडात पाण्याचा लढा आहे. आपल्यातल्या एका माणसानं पन्नास वर्षं हे पाणी घशात अडकवून काढली आणि आपल्याला पत्ता नाही. कारण आपण त्याला एकच प्रश्न विचारत होतो, ‘तात्या, किती मारले?’ हा प्रश्न आपल्याला सिनेमानं शिकवला.

कुणी म्हणेल, दादा, सगळे पिच्चर तसले नाहीत, नानाचा ‘प्रहार’ बघ. बघितलाय. १९९१ चा. नाना पाटेकरनं स्वतः दिग्दर्शित केला, स्वतः ट्रेनिंग घेतलं, बेळगावचं कमांडो ट्रेनिंग पडद्यावर आणलं. त्यातला चिखल खरा, घाम खरा, पोरांच्या डोळ्यांतली दहशत खरी. कमांडो झालेला पीटर एका कारवाईत पाय गमावतो. घरी येऊन पावाची बेकरी चालवतो आणि हप्ता मागणारे गुंड त्याला ठार मारतात. सारी गल्ली दारं लावून बघते. इथवर नानाला सलाम. जवान गावी परत आल्यावर समाज त्याचं काय करतो, हे एवढ्या उघड कुणी दाखवलं नव्हतं. पण पुढं? मेजर चव्हाण एकटा सगळ्या गुंडांना मारतो, कोर्ट त्याला वेड्यांच्या इस्पितळात पाठवतं. आणि शेवटी उघड्या अंगानं पळणारी लहान पोरं, त्यांच्याबरोबर मेजर. म्हंजे ज्या ट्रेनिंगनं हा माणूस असा झाला, ज्याला मारण्यापलीकडं दुसरी भाषा उरली नाही, तेच ट्रेनिंग आता साऱ्या देशाच्या लेकरांना द्यायचं! रोग ओळखला आणि औषध म्हणून रोगाचंच इंजेक्शन दिलं. सिनेमा चांगला असूनही मी हे म्हणतो, कारण चांगल्या सिनेमानं मारलेली थाप जास्त खोल जाते.

बाहेरच्या देशांत काय झालं ते बघू. तिथले सगळे शहाणे आहेत असं नाही. पण काहींनी आरसा धरला.

अमेरिकेच्या फौजेनं दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस जॉन ह्यूस्टन या दिग्दर्शकाला माहितीपट काढायला सांगितला. विषय होता मन मोडलेले सैनिक. त्यानं लष्करी इस्पितळात कॅमेरा लावला. थरथरणारे, बोबडी वळलेले, काही न होता पाय लुळे पडलेले, आठवून हमसून रडणारे जवान, गोरे आणि काळे एकाच वॉर्डात. युद्धात जायबंदी झालेल्यांपैकी सुमारे वीस टक्के हे मनाचे जखमी होते, हे त्या माहितीपटानं सुरवातीलाच सांगितलं. १९४६ साली तो तयार झाला आणि ज्या फौजेनं काढायला लावला तिनंच तो दाबला. लोकांना दिसला तो १९८० च्या अखेरीस. चौतीस वर्षं! नाव होतं ‘लेट देअर बी लाइट’. उजेड पडू दे म्हणणाऱ्या सिनेमालाच अंधारात कोंडलं. आणि बघा, ज्या १९८० साली तो बाहेर आला त्याच साली अमेरिकेच्या डॉक्टरांनी या दुखण्याला अधिकृत नाव दिलं, पीटीएसडी. त्याच्या आधी पहिल्या महायुद्धात त्याला ‘शेल शॉक’ म्हणायचे, आणि पुष्कळदा तर भेकडपणाच म्हणायचे.

१९८७ साली कुब्रिकचा ‘फुल मेटल जॅकेट’ आला. अर्धा सिनेमा नुसत्या ट्रेनिंगवर. एक जाडा, मंद पोरगा आणि त्याला दिवसरात्र सोलणारा उस्ताद. शेवटी तो पोरगा उस्तादाला गोळी घालतो आणि मग स्वतःला. यातनं शिकायला काय हवं? पण दुनियेनं उचललं काय, तर त्या उस्तादाच्या शिव्या. आज आपल्या तालुक्यातालुक्यांत निघालेल्या भरती अकॅडम्यांतले काही उस्ताद त्याच थाटात पोरांची आई-बहीण काढतात आणि पोरं त्याची रील काढतात. सिनेमा खरा असला तरी बघणारा तयार नसेल तर विषाचाच प्रसाद होतो. म्हणून नुसता चांगला सिनेमा येऊन भागत नाही. बघायला शिकावं लागतं.

आता आपल्या जवळचं. १९४९ चा ‘होम ऑफ द ब्रेव्ह’. एका काळ्या शिपायाचे पाय गेलेत, अंगावर जखम नाही. युद्धातच जिवाभावाचा गोरा मित्र त्याच्या रंगावरून शिवी हासडता हासडता थांबतो आणि थोड्या वेळानं मारला जातो. हा काळा उभाच राहू शकत नाही. शेवटी डॉक्टर त्याला तीच शिवी देऊन संतापानं उभा करतो. जात आणि लढाई, दोन्हींची जखम एकाच पायात, हे त्या सिनेमानं नेमकं पकडलं. आणि मग कच खाल्ली. डॉक्टर त्याला समजावतो की तू इतरांसारखाच आहेस, मित्र मेला आणि आपण वाचलो याचं अपराधीपण सगळ्यांनाच असतं. म्हंजे शिवी देणारा देश सुटला, शिवी खाणाऱ्यानं तेवढं मन आवरायचं! ही लबाडी आपल्याला चांगली ओळखू येते. आपल्यालाही हेच सांगतात की, जात तुमच्या मनात आहे.

आणि सेम्बेनचा ‘कॅम्प द थियारोये’, १९८८. हा प्रत्येक विहारात दाखवला पाहिजे. फ्रान्ससाठी लढून, जर्मनांच्या कैदेत सडून परत आलेले आफ्रिकन शिपाई. डाकारजवळच्या छावणीत आपला थकलेला पगार मागतात. १ डिसेंबर १९४४ च्या पहाटे फ्रेंच फौज त्यांच्यावर गोळ्या घालते. ही घडलेली गोष्ट आहे. फ्रान्सनं वर्षानुवर्षं पस्तीस मेले म्हणून सांगितलं, आकड्याचा वाद अजून मिटलेला नाही, आणि ‘कत्तल’ हा शब्द तिथल्या अध्यक्षानं मान्य केला २०२४ साली, ऐंशी वर्षांनी. त्या सिनेमात एक शिपाई आहे. नाझींच्या छळछावणीतून आल्यापासून त्याची वाचा गेलेली. सगळे त्याला वेडा समजतात. रणगाडे येतायत हे पहिल्यांदा त्यालाच दिसतं. तो जिवाच्या आकांतानं खुणा करून सांगतो. त्याला समजावून झोपवतात.

कालव्याच्या पलीकडं जाऊन बसणारे तात्या मला तिथं दिसले.

मग आपल्याकडं हे का होत नाही? जुलै २०२० मध्ये संरक्षण मंत्रालयानं सेन्सॉर बोर्डाला पत्र धाडलं, की फौजेवर सिनेमा, माहितीपट, वेबसिरीज काढणाऱ्यांनी दाखवण्याआधी आमचा ना-हरकत दाखला घ्यावा. २०२२ साली एका दिग्दर्शकाची संहिता परत आली, कारण तिच्यातला अधिकारी पुरुषावर प्रेम करतो. जिथं प्रेम चालत नाही तिथं मोडलेलं मन कुठून चालणार? रणगाडे, बंदुका, छावणी फौजेकडनं हवी, तर गोष्टही फौजेला आवडेल अशीच निघते.

पण कागद बोलतात. २०२१ च्या जानेवारीत दिल्लीच्या एका लष्करी अभ्याससंस्थेचा अहवाल पेपरात आला. निम्म्याहून जास्त जवान तीव्र ताणाखाली आणि शत्रूच्या गोळीपेक्षा आत्महत्या व आपसांतल्या गोळीबारात जास्त जीव जातात, असं त्यात होतं. फौजेनं तो झिडकारला, आणि तो संकेतस्थळावरून उतरला. ह्यूस्टनचा सिनेमा आठवा. २०२२ साली खुद्द सरकारनं संसदेत सांगितलं, मागच्या पाच वर्षांत तिन्ही दलांत ८१९ आत्महत्या, त्यातल्या ६४२ भूदलातल्या. २०२३ च्या डिसेंबरात फौजी आणि त्यांच्या घरच्यांसाठी मनाच्या दुखण्याची टेलिफोन-सेवा सुरू केली, तीही आपल्याच पुण्यात, आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजात. म्हंजे सरकारला माहीत आहे, डॉक्टरांना माहीत आहे. माहीत नाही ते थिएटरात बसणाऱ्याला आणि कालव्यावर पळणाऱ्याला. हे आपोआप झालेलं नाही.

आता आपली जखम. ती दुहेरी आहे.

स्वदेश दीपक या लेखकाचं ‘कोर्ट मार्शल’ नावाचं हिंदी नाटक आहे, १९९१ चं. रामचंदर नावाचा खालच्या जातीतला जवान आपल्याच एका अधिकाऱ्याला गोळी घालतो, दुसरा जखमी. गुन्हा कबूल, मग प्रश्न उरतो का? बचावाचा वकील खणत जातो आणि बाहेर येतं की हे अधिकारी त्याला जातीवरून रोज सोलत होते. देशभर प्रयोग झाले या नाटकाचे. शत्रूच्या गोळीआधी आपल्याच छावणीतली शिवी माणसाला कशी मोडते, हे एका हिंदी नाटककारानं लिहिलं. युद्धपटांच्या बाजारानं या प्रश्नाकडं पाठ फिरवली. तिथं शीख असतो, राजपूत असतो, मराठा असतो, एखादा मुसलमान सिद्ध करायला असतो. आपला असतो तेव्हा त्याला आडनाव नसतं.

आणि इतिहास? १ जानेवारी १८१८ ला कोरेगावला लढले त्यांची नावं स्तंभावर आहेत, ‘नाक’ लावलेली. पुढं १८९२ च्या सुमारास इंग्रजानं महारांची भरतीच बंद केली, लढाऊ जात नाही म्हणून. गोपाळबाबा वलंगकरांसारखे पेन्शनर शिपाई अर्ज लिहीत राहिले. पुण्याच्या शिवराम जानबा कांबळ्यांनी १९१० साली विलायत सरकारला अर्ज केला. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ ला महारांची पलटण उभी केली आणि गरज सरल्यावर १९२१ ला मोडली. परत १९४१ ला, बाबासाहेबांच्या रेट्यानं, बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. टोपीच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. बघा हा हिशोब. लढाई आली की शूर, लढाई सरली की अस्पृश्य. १८९२ ला आणि १९२१ ला वर्दी उतरवून गावात आलेल्या माणसाला काय वाटलं असेल? काल हातात बंदूक, आज हातात येसकराची काठी आणि पाटलाच्या वाड्यापुढं जोहार. ही जखम कुठल्या डॉक्टरच्या पुस्तकात नाही. ती आपल्या आज्यापणज्यांच्या गप्प बसण्यात आहे.

म्हणून टेम्पोतल्या मित्रा, तुला सांगतो. बाबासाहेबांनी आपल्याला फौजेत जा म्हटलं ते मरण्याची हौस म्हणून नव्हे. त्यांचे वडील सुभेदार रामजी फौजी शाळेत मास्तर होते. त्या फौजेतून आपल्या घरात अक्षर आलं, पगार आला, ताठ मान आली. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब कोरेगावला गेले ते हिशोब मागायला. रक्त घेतलंत, मग दार का लावलंत? आपण आज त्याच स्तंभापुढं जाऊन हिशोब विसरतो आणि पोज देतो. २०१८ ला त्याच जागी आपल्यावर दगड आले, तेव्हा शौर्याचा पिच्चर वाचवायला आला नाही.

आपला ‘बॉर्डर’ निघाला तर काय होईल? तोच सिनेमा, फक्त निळा झेंडा. तीच बेडकुळी, तेच भाषण, तीच आजारी बायकोची थट्टा. ज्या साच्यानं आपल्याला इतकी वर्षं बाहेर ठेवलं, त्या साच्यात आपण हौसेनं आपला पाय घालायचा? आणि आपला पोरगा तो बघून कालव्यावर आणखी जोरात पळणार. कुठं पळणार? जून २०२२ पासून अग्निपथ आहे. चार वर्षं. चारांतला एक ठेवणार, तीन घरी. हातात सुमारे ११ लाख ७१ हजार, पेन्शन नाही. पहिली तुकडी २०२३ च्या सुरवातीला ट्रेनिंगला लागली. बुलढाणा जिल्ह्यातला एक पोरगा त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात सियाचीनवर गेला तो परत आला नाही. तात्यांना निदान पेन्शन होती, लिंबाखाली बसून पन्नास वर्षं गप्प राहायला तेवढी पुरली. चोविसाव्या वर्षी परत येणाऱ्यानं ही चीर घेऊन कुठल्या गेटवर वॉचमन व्हायचं?

पोरांनी भरती होऊ नये असं मी म्हणत नाही. म्हणायचा मला हक्क नाही. माझी फी त्याच पगारातून भरली गेली. म्हणणं एवढंच, की पोरगा जाऊ दे, पण डोळे उघडे ठेवून जाऊ दे. भीती वाटणं म्हणजे भेकडपणा नव्हे, हे त्याला माहीत असू दे. रगड्यात जातीची शिवी आली तर ती ट्रेनिंगचा भाग नाही, हे माहीत असू दे. रात्री झोप येत नसेल तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, तिथं बोलणं म्हणजे बायकीपणा नव्हे, हे माहीत असू दे.

आणि आपण कार्यकर्त्यांनी काय करायचं? भाषणं पुष्कळ झाली. कळंबला, इंदापूरला, बारामतीला, प्रत्येक बुद्धवाड्यात एक तरी पेन्शनवाला म्हातारा आहे. वही घेऊन त्याच्याजवळ बसा. ‘किती मारले’ विचारू नका. विचारा, झोप लागते का? विचारा, गावात परत आलात तेव्हा पाणी कुठं प्यालात? त्याच्या बायकोला आधी विचारा, तिला जास्त माहीत असतं. जसं बोलतील तसं लिहा, शुद्धलेखनाचा बामणी वरवंटा फिरवू नका. विहारात महिन्याला एक सिनेमा दाखवा, ‘प्रहार’ दाखवा, ‘थियारोये’ दाखवा, आणि नंतर दिवे लावून भांडा. आपल्या पोरांनी उद्या कॅमेरा हातात घेतला तर तो या वहीतून घेतला पाहिजे. लढाईचा पहिला सीन लिंबाखालच्या खाटेवर सुरू झाला पाहिजे.

आणि १४ एप्रिलला फटाक्यांचा बार लावण्याआधी एकदा बघून घ्या, मिरवणुकीतून कोण उठून चाललंय. त्याच्यामागं कालव्याच्या पलीकडं कुणीतरी एकानं जावं. बोलायची गरज नाही. पाण्याचा तांब्या घेऊन जावं. आणि शेजारी बसावं.

मी गेलो नव्हतो. म्हणून लिहितोय.

जयभीम.